गोळी जाते कोठे? मूत्रातील ॲस्पिरिन मोजण्याच्या प्रयोगाची आखणी

घरातील औषधांच्या डबीत ॲस्पिरिनची गोळी नाही असे कुटुंब आपल्या सुरतेत क्वचितच आढळेल. कोणाचे डोके दुखले की ती पेलाभर पाण्यात विरघळवून दिली जाते. कोणाच्या आजोबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर तिचीच धाकटी बहीण, ७५ मिलिग्रॅमची, त्यांना रोज जेवणानंतर घ्यावी लागते. उत्सर्जन संस्थेचा पाठ चालू असता आमच्यापैकी एकाने बाईंस विचारले, की गोळी पोटात जाते, दुखणे थांबते, मग ती गोळी जाते कोठे? मूत्रावाटे बाहेर पडते, असे उत्तर मिळाले. किती पडते आणि किती वेळात, हा साहजिकच पुढचा प्रश्न. त्यावर बाई म्हणाल्या, "मोजून पाहा." या दोन शब्दांपायी आमच्या विज्ञान मंडळाचे तीन महिने कसे गेले, ते प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. प्रयोग अद्याप पुरा झालेला नाही, हे वाचकांस आरंभीच सांगितलेले बरे. येथे आहे ती केवळ त्याची आखणी.

आमचा पहिला आराखडा पानभरही नव्हता. तिघांनी प्रत्येकी एक गोळी घ्यावी, तासातासाने मूत्र गोळा करावे, त्यात फेरिक क्लोराइड टाकावे, जो जांभळा रंग येईल तो मोजावा आणि आलेख काढावा, झाले! बाईंनी तो वाचला व पहिल्याच ओळीखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढून कागद परत केला. पुढच्या ओळी निर्दोष होत्या असे नव्हे. परंतु पहिली ओळ तशीच राहिली असती तर पुढच्या चुका सुधारण्यात काही अर्थच नव्हता.

ती ओळ म्हणजे "तिघांनी गोळी घ्यावी" ही. आम्हांस प्रथम याचे नवल वाटले. जी गोळी घरोघर घेतली जाते ती प्रयोगासाठी घेतली तर काय बिघडते? याचे उत्तर शोधण्यास आम्हांस वाचनालयात बसविण्यात आले, आणि जे सापडले त्याने आमचे नवल पार ओसरले. मुलांमध्ये कांजिण्या किंवा इन्फ्लुएंझासारख्या तापानंतर क्वचित एक भयंकर विकार उद्भवतो. त्यात मेंदूस सूज येते व यकृत निकामी होऊ लागते. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर राय यांनी १९६३ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास राय यांचे नाव मिळाले. अशा तापात ज्या मुलांना ॲस्पिरिन दिलेले असते त्यांच्यात हा विकार अधिक आढळतो, असे १९८० नंतरच्या काही वर्षांत दिसून आले. ब्रिटनमध्ये १९८६ साली बारा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन न देण्याची सूचना निघाली, आणि २००२ साली ही वयोमर्यादा सोळापर्यंत वाढविण्यात आली. आमच्या मंडळात सोळा वर्षे पूर्ण केलेला एकही सभासद नाही.

दुसरे कारण तर आपल्या दारातलेच आहे. पावसाळा सुरू झाला की सुरतेत डेंग्यूची भीती सुरू होते. महापालिकेचे कर्मचारी टाक्या, कुंड्या आणि गच्चीवरचे टायर तपासत हिंडतात ते काही उगाच नव्हे. डेंग्यूत रक्तातील बिंबिका, ज्यांना डॉक्टर प्लेटलेट म्हणतात, त्यांची संख्या घटते व रक्तस्राव होण्याचा धोका असतो. ॲस्पिरिन नेमके या बिंबिकांनाच निष्प्रभ करते, आणि एकदा निष्प्रभ झालेली बिंबिका तिच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे सुमारे सात ते दहा दिवसांत, पुन्हा कामास येत नाही. म्हणून डेंग्यूचा संशय असता ॲस्पिरिन देऊ नये असा वैद्यकाचा दंडक आहे. आज प्रयोगासाठी गोळी घेतलेल्या मुलास परवा डेंग्यूचा डास चावणार नाही, याची हमी कोण देणार? ज्यांना दमा आहे किंवा जठरात व्रण आहे त्यांची गोष्ट आणखी वेगळी. तेव्हा आमच्या वहीतील पहिला नियम असा ठरला : या प्रयोगासाठी कोणीही गोळी घ्यावयाची नाही, आणि ज्यांना डॉक्टरांनी ती दिली आहे त्यांनी आमच्यासाठी ती चुकवावयाची अथवा वेळ बदलून घ्यावयाची नाही.

नियम झाला, पण मग मोजावयाचे काय? हा विचार करण्यापूर्वी मुळात ॲस्पिरिनचे शरीरात होते काय, हे समजून घेणे आम्हांस प्राप्त होते.

आपल्याकडे नदी-ओढ्यांच्या काठी वाळुंज नावाचे झाड असते. त्याच्या युरोपातील भाईबंदांना विलो म्हणतात. विलोची साल तापावर गुणकारी आहे असे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. त्या सालीतील गुणकारी द्रव्यापासून पुढे सॅलिसिलिक आम्ल मिळाले. या नावातही विलोचे लॅटिन नाव, सॅलिक्स, दडलेले आहे. हे आम्ल औषधी खरे, पण पोटास फार जाचक. जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ साली त्यास ॲसेटिल गटाची जोड देऊन शुद्ध ॲसेटिल सॅलिसिलिक आम्ल तयार केले, आणि १८९९ साली ते ॲस्पिरिन या नावाने बाजारात आले. ते दुखणे कसे थांबवते याचा उलगडा मात्र जॉन व्हेन यांनी १९७१ साली, म्हणजे सत्तराहून अधिक वर्षांनी केला व त्यासाठी १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. इतकी वर्षे लोक गोळी घेत होते आणि बरे होत होते, हे विशेष!

शरीर या जोडणीची पुन्हा तोडणी करते. रक्तातील ॲस्पिरिन वीस मिनिटांच्या आतबाहेर निम्मे उरते, कारण त्याचे झपाट्याने सॅलिसिलिक आम्ल बनते. मग यकृत त्या सॅलिसिलिक आम्लास ग्लायसिन नावाच्या ॲमिनो आम्लाशी बांधते व त्याचे सॅलिसिल्युरिक आम्ल होते. आणखी काही भाग ग्लुकुरॉनिक आम्लाशी बांधला जातो. साधारण मात्रेत घेतलेल्या औषधापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग सॅलिसिल्युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि सुमारे दहावा हिस्सा मोकळ्या सॅलिसिलिक आम्लाच्या रूपाने. हा दहावा हिस्साही स्थिर नाही. मूत्र आम्लधर्मी असेल तर तो पार घटतो. अल्कधर्मी असेल तर कितीतरी वाढतो. याचा अर्थ असा, की मूत्रातील ॲस्पिरिन मोजावयास निघालेल्या माणसास मूत्रात ॲस्पिरिन जवळजवळ सापडतच नाही! त्याने मोजावयाचे असते ते ॲस्पिरिनचे वंशज.

ही गोष्ट आम्ही पुस्तकावर विश्वासून सोडून दिली नाही; परीक्षानळीत पाहिली. प्रयोगशाळेच्या कपाटात मुदत संपलेल्या साध्या गोळ्यांची एक उघडी डबी होती. तिने निदान दोन पावसाळे पाहिले असावेत, कारण झाकण काढताच शिरक्यासारखा आंबट वास आला. बाईंनी दुकानातून नवी गोळी आणविली. दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या कुटून, गार पाण्यात ढवळून, गाळून घेतल्या व प्रत्येकीत फेरिक नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नव्या गोळीचे पाणी पिवळसरच राहिले. जुनीचे पाणी क्षणात जांभळे झाले. सुरतेच्या दमट हवेने जे काम दोन वर्षांत केले होते तेच आपले शरीर काही मिनिटांत करते : ॲस्पिरिनचे जलअपघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल व ॲसेटिक आम्ल सुटे होतात. लोहाच्या आयनाशी रंग जमतो तो सॅलिसिलिक आम्लातील उघड्या हायड्रॉक्सिल गटामुळे. ॲस्पिरिनमध्ये तो गट ॲसेटिलच्या झाकणाखाली असतो. (शिरक्याचा वास येणारी गोळी कोणीही घेऊ नये, हे ओघानेच आले.)

आता रंगाविषयी. आमच्यापैकी कित्येकांचे वडील व काका पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये काम करतात. कापडाचा रंग नमुन्याशी जुळला की नाही हे डाइंग मास्तर कसे ठरवितात हे आम्ही ऐकलेले आहे. ते दिव्याखाली निर्णय देत नाहीत. नमुना आणि कापड दोन्ही एकाच उजेडात, शेजारी शेजारी धरतात. आमची पद्धत याहून निराळी नाही. ज्यांत सॅलिसिलिक आम्लाचे प्रमाण ठाऊक आहे अशा नळ्यांची एक ओळ करावयाची आणि अज्ञात नळीचा रंग त्या ओळीत कोठे बसतो ते पाहावयाचे. डोळ्याऐवजी कलरीमीटर वापरला तर हिरवी गाळणी लावून, सुमारे ५४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात, प्रकाश किती शोषला गेला हे आकड्यात मिळते. विरल द्रावणात हे शोषण संहतीच्या प्रमाणात वाढते, म्हणून ठाऊक नळ्यांचा आलेख सरळ रेषेत येतो. रंग फारच गडद आला तर रेषेचा भरवसा राहत नाही. अशा वेळी मूत्र पाण्याने पातळ करून पुन्हा मोजावे लागते. लोहाच्या रंगाची ही पद्धत ट्रिंडर यांनी १९५४ साली रुग्णालयांसाठी सुटसुटीत करून प्रसिद्ध केली. त्यांच्या द्रावणात पाऱ्याचा एक विषारी क्षार असतो, पण तो रक्तातील प्रथिने खाली बसविण्यासाठी. निरोगी माणसाच्या मूत्रात प्रथिने नसल्यासारखीच असतात, म्हणून तो क्षार आम्ही वगळला आहे.

रंगाचे शास्त्र आणि सुरत यांचा संबंध आजचा नव्हे. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनतज्ज्ञ १८६३ साली सुरतेत जन्मले. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्यांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन काढले व तेथे रंगाईचे शास्त्र शिकविले. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास कोणी डांबर फासले तेव्हा तो डाग काढणारे रसायनतज्ज्ञही तेच. रंग काढणे आणि रंग मोजणे ही कामे भिन्न असली, तरी दोहोंत डागाचा स्वभाव आधी ओळखावा लागतो.

आमच्या कामात तो स्वभाव ओळखणेच सर्वांत कठीण ठरले. मूत्र म्हणजे पाणी नव्हे. त्याचा स्वतःचा पिवळा रंग असतो, तो जांभळ्यात मिसळतो. त्यातील फॉस्फेट लोहाशी बांधले जाऊन रंग फिका करते आणि कधी नळी गढूळ करून टाकते. म्हणून फेरिक नायट्रेट विरल नायट्रिक आम्लात करावे लागते, व ते काम बाईंचे, आमचे नव्हे. शिवाय ठाऊक नळ्या नुसत्या पाण्यात करून चालत नाहीत. त्या औषधविरहित मूत्रातच केल्या पाहिजेत, म्हणजे फॉस्फेटचा उपद्रव दोन्ही पक्षांस सारखाच होईल. प्रत्येक नमुन्याची आणखी एक नळी फक्त आम्ल घालून, लोहाशिवाय, ठेवावयाची. तिचे शोषण वजा केले की मूत्राचा स्वतःचा पिवळेपणा निघून जातो.

उपवासाची अडचण तर आमच्या ध्यानीमनीही नव्हती. दीर्घ उपवासात शरीर चरबी जाळते व ॲसिटोॲसेटिक आम्ल मूत्रात उतरते. तेही लोहाशी तांबूस-तपकिरी रंग देते. श्रावणात किंवा पर्युषणात गोळा केलेला नमुना आम्हांस सहज फसवू शकला असता. असा संशय आल्यास नमुना आम्लधर्मी करून उकळावा. ॲसिटोॲसेटिक आम्ल नाहीसे होते, सॅलिसिलेट राहते. आजीच्या गुडघ्यास चोळावयाच्या मलमाचाही असाच घोटाळा. अशा बहुतेक मलमांत मिथाइल सॅलिसिलेट असते, ते त्वचेतून आत जाते आणि गोळी न घेताही मूत्रात सॅलिसिलेट सापडते. जिरे, हळद, मिरची या मसाल्यांतही सॅलिसिलिक आम्ल अल्प प्रमाणात असते. म्हणून प्रत्येक माणसाचा गोळीपूर्वीचा नमुना हवाच; परक्याच्या कोऱ्या नमुन्याने काम भागत नाही.

एक गफलत मात्र सर्वस्वी आमची होती. आम्ही केवळ संहती मोजणार होतो. समजा, दोघांच्या मूत्रपिंडांनी दोन तासांत ३० मिलिग्रॅम सॅलिसिलेटच बाहेर टाकले. पहिला वैशाखाच्या उन्हात सायकल हाणून आला. त्याचे मूत्र १०० मिलिलिटर झाले. दुसऱ्याने घरी बसून दोन पेले ताक घेतले. त्याचे ३०० मिलिलिटर. पहिल्याची संहती लिटरमागे ३०० मिलिग्रॅम, दुसऱ्याची १००. आमच्या पहिल्या आराखड्याप्रमाणे आम्ही ठासून सांगितले असते की पहिल्याने तिप्पट औषध बाहेर टाकले! वास्तविक दोघांचे काम सारखेच. म्हणून प्रत्येक वेळी मूत्राचे संपूर्ण आकारमान मोजपात्राने मोजावे, वेळ घड्याळाने लिहावी, संहतीस आकारमानाने गुणावे आणि तासांनी भागावे. यातून जो आकडा येतो तोच मूत्रपिंडाच्या कामाचा वेग.

अपेक्षित रकमेचा हिशेबही आधी करून ठेवला. ॲस्पिरिनचे रेणुभार १८० व सॅलिसिलिक आम्लाचे १३८ धरले, तर ३०० मिलिग्रॅमच्या गोळीपासून २३० मिलिग्रॅम सॅलिसिलिक आम्ल होते. आजोबांच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीपासून जेमतेम ५७.५. ते सारे दिवसभराच्या दीड लिटर मूत्रात पसरले तर लिटरमागे ३८ मिलिग्रॅमच्या आसपास पडेल. त्यातूनही ग्लुकुरॉनिक आम्लाशी बांधल्या गेलेल्या ज्या भागाचा हायड्रॉक्सिल गट झाकला जातो तो रंग देणार नाही, आणि सॅलिसिल्युरिक आम्लाचा रंग सॅलिसिलिक आम्लाइतकाच गडद असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून आमचा आकडा "सॅलिसिलिक आम्लाच्या तुल्य" एवढाच म्हणावयाचा. इतका फिका रंग आमच्या साधनांस शून्यापासून वेगळा ओळखता येईल काय? हे ठाऊक नसताना कोणाच्या आजोबांपुढे बाटली धरणे म्हणजे त्यांच्या सौजन्याचा अपव्यय होय.

यावरून प्रयोगाचे टप्पे ठरले. प्रथम युरिया, मीठ, फॉस्फेट व क्रिएटिनीन पाण्यात विरघळवून कृत्रिम मूत्र करावयाचे आणि त्यावर हात बसवावयाचा. कृत्रिम मूत्र हा फार गुणी विद्यार्थी आहे. तो कधीच अनपेक्षित वागत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर थांबता येत नाही. यानंतर औषध न घेणाऱ्या काही प्रौढांचे मूत्र एका बरणीत एकत्र करून, कोणाचे कोणते हे कळू न देता, ते वापरावयाचे. १.१६ ग्रॅम सोडियम सॅलिसिलेट म्हणजे १ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल, या हिशेबाने मूळ द्रावण करून लिटरमागे ०, ५०, १००, २००, ३०० व ४०० मिलिग्रॅमच्या ठाऊक नळ्या होतील. प्रत्येकीत १ मिलिलिटर मूत्र व ५ मिलिलिटर लोहद्रावण. प्रत्येक माप तीनदा. शिवाय बाई त्याच बरणीतील मूत्राच्या दहा बाटल्यांत आम्हांस न सांगता निरनिराळे प्रमाण घालतील, काहींत मुळीच घालणार नाहीत, आणि वर फक्त सांकेतिक क्रमांक असेल. आमचे दहा आकडे फळ्यावर लिहून झाल्यावरच त्यांचा कागद उघडावयाचा.

या दहा बाटल्यांत आम्ही कोऱ्या बाटल्या कोऱ्या म्हणून ओळखल्या, आणि ५० मिलिग्रॅमची बाटली शून्यापासून वेगळी काढली, तरच तिसरा टप्पा. त्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीपासूनच लहान गोळी घेणारे प्रौढ, त्यांची व त्यांच्या डॉक्टरांची लेखी संमती असल्यास, गोळीपूर्वीचा एक व गोळीनंतरच्या चार तासांतले सर्व नमुने देतील. सुरुवातीच्या तासांतच सॅलिसिलेट अधिक दाट उतरते, म्हणून दिवसभराच्या नमुन्यापेक्षा हे बरे. बाटलीवर नाव नसेल. कोण कोणते औषध घेतो ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे, आणि शाळेत ती पसरण्यास एक मधली सुट्टी पुरते, हे आम्हांस चांगलेच माहीत आहे. हातमोजे, चश्मा, काम संपल्यावर साबणाने हात धुणे, सांडलेले जंतुनाशकाने पुसणे, या गोष्टी तिन्ही टप्प्यांस सारख्या.

एका सभासदाची सूचना आम्ही नाकारली, तिचाही उल्लेख येथे केला पाहिजे. अल्कधर्मी मूत्रात मोकळे सॅलिसिलेट अधिक उतरते हे वाचून त्याने सुचविले की एखाद्या आजोबांना चिमूटभर खाण्याचा सोडा देऊन फरक पाहावा. कल्पना शास्त्रीयदृष्ट्या चुकीची नव्हती. सॅलिसिलेटची विषबाधा झालेल्या रुग्णांवर रुग्णालयात याच तत्त्वाने उपचार करतात. पण ज्यांना हृदयविकार आहे व ज्यांचे मीठ डॉक्टरांनी तोडले आहे त्यांस सोडा देणे म्हणजे तांबड्या रेघेखालची ती पहिली ओळ पुन्हा लिहिणेच झाले असते. त्याऐवजी प्रत्येक नमुन्याची आम्लता लिटमस व पीएच कागदाने नोंदवावयाची असे ठरले. निसर्गतः जो फरक पडेल तेवढाच आम्ही पाहू.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कृत्रिम मूत्रावरील सराव चालू असेल. ठाऊक नळ्यांची पहिली ओळ लावून झाली आहे; पन्नासाची नळी पांढऱ्या कागदासमोर, खिडकीच्या उजेडात, कोऱ्या नळीहून किंचित जांभळट दिसते असे आमच्यापैकी चौघांचे म्हणणे आहे, आणि मुळीच दिसत नाही असे तिघांचे. कलरीमीटर महाविद्यालयातून दोन दिवसांसाठी मागितला आहे. दहा बाटल्यांचा कागद बाईंनी पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला आहे.